स्वजन, स्वदेश आणि शपथ : एमेका अन्याओकू यांची कारकीर्द

नायजेरियाचे नाव मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यापर्यंत पोचते ते बहुधा चिनुआ अचेबे आणि वोले सोयिंका यांच्यामुळे. तौलनिक साहित्याच्या तासाला अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) या कादंबरीची चर्चा होते, सोयिंका यांच्या १९८६ च्या नोबेल पारितोषिकाचा उल्लेख होतो, बियाफ्राच्या युद्धाविषयी दोन वाक्ये सांगितली जातात आणि विषय पुढे सरकतो. याच लेखकांच्या पिढीतल्या आणि त्यांच्याच विद्यापीठात शिकलेल्या, पण अगदी वेगळ्या वाटेने गेलेल्या एका माणसाकडे आम्ही येथे वळत आहोत. एमेका अन्याओकू यांनी कवितेने वा कादंबरीने नाव मिळवले नाही. त्यांचे आयुष्य टिपणे, मसुदे, अहवाल आणि जाहीरनामे यांत गेले. १९६६ ते २००० या काळात, मधला एक छोटा खंड वगळता, ते राष्ट्रकुलाच्या लंडनमधील सचिवालयात होते आणि अखेरची जवळजवळ दहा वर्षे त्याचे सरचिटणीस होते.

या कारकिर्दीत एक पेच दोनदा उभा राहतो. १९६७ साली त्यांचे स्वजन त्यांच्या देशापासून फुटून निघाले. १९९५ साली त्यांच्याच संस्थेने त्यांच्या देशाला बाहेर बसवले. दोन्ही वेळा हा माणूस खुर्चीवर बसून होता. ही खुर्ची आपल्या धारकाकडून नेमके काय मागते, आणि या अठ्ठावीस वर्षांत तिच्या मागण्यांत काही बदल झाला का, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

आंतरराष्ट्रीय सनदी सेवक ही कल्पना तशी अलीकडची. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले सरचिटणीस सर एरिक ड्रमंड यांनी निरनिराळ्या देशांचे, परंतु कोणत्याच देशाच्या आज्ञेत नसलेले असे सचिवालय उभारले. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील शंभराव्या कलमाने या कल्पनेला कायद्याचे रूप दिले. सरचिटणीस व त्यांचे कर्मचारी कोणत्याही सरकारकडून सूचना मागणार नाहीत वा घेणार नाहीत, असे हे कलम सांगते. हे खरोखर शक्य आहे का, यावर १९६१ साली मोठा वाद झाला. तटस्थ देश असू शकतात, पण तटस्थ माणसे नसतात, असे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे म्हणणे होते. त्यावर डाग हॅमरशोल्ड यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात ऑक्सफर्डला दिलेले व्याख्यान आजही वाचण्यासारखे आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा की, अधिकाऱ्याला मते व जिव्हाळे असणारच. त्याने ते स्वतःशी ओळखावेत आणि आपल्या निर्णयांवर त्यांचा अंमल चालू देऊ नये. तटस्थता ही अशा प्रकारे मनाच्या कोरेपणाची बाब न राहता सचोटीची बाब ठरते. अन्याओकू यांची कारकीर्द म्हणजे या प्रतिपादनाची दीर्घ परीक्षाच होय.

अन्याओकू यांचा जन्म १८ जानेवारी १९३३ रोजी पूर्व नायजेरियातील ओबोसी या गावी झाला. नायजर नदीकाठच्या ओनित्शा या व्यापारी शहराजवळचा हा इग्बो प्रदेश. अचेबे यांचे ओगिडी आणि कवी ख्रिस्तोफर ओकिग्बो यांचे ओजोटो ही गावेही याच टापूत आहेत. अन्याओकू यांचे पदवीशिक्षण इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाले. लंडन विद्यापीठाशी संलग्न असलेली ही संस्था १९४८ साली स्थापन झाली होती. तेथे त्यांनी ग्रीक व लॅटिन या अभिजात भाषांचा अभ्यास करून १९५९ साली पदवी घेतली. ओकिग्बो यांनीही हाच विषय घेऊन याच कॉलेजातून १९५६ साली पदवी मिळवली होती. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा; त्याचे कारण पुढे येईल.

पदवीनंतर अन्याओकू ब्रिटिशांच्या वसाहत विकास महामंडळात रुजू झाले. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये नायजेरिया स्वतंत्र झाला. पुढे पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा यांच्याशी भेट झाली आणि १९६२ साली अन्याओकू नव्या देशाच्या परराष्ट्रसेवेत आले. १९६३ साली त्यांची नेमणूक न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रसंघातील नायजेरियाच्या कायम प्रतिनिधिमंडळात झाली. तेथे त्या वेळी सिमियन अडेबो हे प्रतिनिधी होते. तेही पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रशिक्षण व संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकातच नायजेरियाचे अधिकारी आंतरराष्ट्रीय संस्थांत जबाबदारीची पदे सांभाळू लागले होते, हे यावरून दिसते.

१९६५ साली राष्ट्रकुलाचे स्वतंत्र सचिवालय स्थापन झाले. तोवर राष्ट्रकुलाचे कामकाज ब्रिटिश सरकारच्याच कचेऱ्यांतून चालत असे. १९४९ च्या लंडन घोषणेमुळे प्रजासत्ताक भारताला राष्ट्रकुलात राहता आले आणि ब्रिटिश राजमुकुटाशी एकनिष्ठ असण्याची अट गळाली, हे खरे. पण कारभाराची दोरी सैल व्हायला आणखी सोळा वर्षे जावी लागली. कॅनडाचे अर्नोल्ड स्मिथ हे पहिले सरचिटणीस झाले. नव्या सचिवालयाने भरवलेली पहिली महत्त्वाची परिषद, ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्याकांच्या बंडखोर राजवटीचा विचार करण्यासाठी, जानेवारी १९६६ मध्ये लागोसला झाली. यजमान होते बालेवा. पाहुणे परतून चार दिवसही झाले नाहीत तोच, १५ जानेवारीला, लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला आणि त्यात बालेवा मारले गेले. त्याच वर्षी अन्याओकू आंतरराष्ट्रीय व्यवहार विभागाचे सहायक संचालक म्हणून लंडनमधील मार्लबरो हाउसमध्ये दाखल झाले. ज्या पंतप्रधानांच्या भेटीने ते परराष्ट्रसेवेत आले, ते आता नव्हते. आणि ज्या देशाच्या सेवेतून ते आले, तो उसवू लागला होता.

त्या उठावानंतर प्रतिउठाव झाला, उत्तर नायजेरियात इग्बोंच्या कत्तली झाल्या आणि ३० मे १९६७ रोजी पूर्व विभागाने 'बियाफ्रा' या नावाने स्वतंत्र राष्ट्राची घोषणा केली. जुलैत सुरू झालेले युद्ध जानेवारी १९७० पर्यंत चालले. युद्धाने आणि उपासमारीने लाखो माणसे दगावली.

या युद्धात इबादानच्या विद्यार्थ्यांनी काय केले, हे साहित्याच्या इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. ओकिग्बो यांनी बंदूक हाती घेतली आणि १९६७ सालीच न्सुक्काच्या आघाडीवर त्यांना मरण आले. अचेबे बियाफ्राचे दूत म्हणून देशोदेशी हिंडले. योरुबा असलेले सोयिंका दोन्ही बाजूंमध्ये उभे राहू पाहत होते. युद्ध थांबवण्याच्या खटपटीत ते बियाफ्रात जाऊन आले, आणि संघराज्याच्या सरकारने त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ, बहुतांशी एकांतकोठडीत, डांबून ठेवले. केन सारो-विवा हेही इबादानचेच पदवीधर. पण ते ओगोनी या लहान जमातीचे. बियाफ्रात आपली जमात इग्बोंच्या वर्चस्वाखाली जाईल, असे मानून त्यांनी संघराज्याची बाजू घेतली आणि बॉनी या बंदराच्या गावी सरकारी प्रशासक म्हणून काम केले. त्या युद्धाची निरर्थकता त्यांनी पुढे 'सोझाबॉय' (१९८५) या कादंबरीत, मोडक्या इंग्रजीत बोलणाऱ्या एका साध्या पोराच्या तोंडून सांगितली.

या चौघांच्या शेजारी अन्याओकू यांना उभे करून पाहिले पाहिजे. अनेक इग्बो अधिकारी आपापली पदे सोडून बियाफ्राच्या सेवेत गेले. अन्याओकू मार्लबरो हाउसमध्येच राहिले. अर्नोल्ड स्मिथ दोन्ही बाजूंशी बोलत होते आणि त्यांच्या खटपटीने मे १९६८ मध्ये कंपाला येथे वाटाघाटीही झाल्या. त्या निष्फळ ठरल्या. सचिवालयाच्या हाती मध्यस्थीपलीकडे काहीच नव्हते. सदस्य देशाच्या अंतर्गत व्यवहारात राष्ट्रकुलाने पडायचे नाही, हा तेव्हाचा दंडक होता आणि नायजेरियाच्या दृष्टीने बियाफ्रा हा पूर्णपणे अंतर्गत व्यवहार होता. स्वजन मरत असताना इग्बो अधिकाऱ्याने टेबलापाशी बसून काम करीत राहावे, आणि त्या टेबलालाही बोलण्याची मुभा नसावी, अशी ही अवस्था होती.

अली मझरुई यांनी १९७१ साली 'द ट्रायल ऑफ ख्रिस्तोफर ओकिग्बो' ही कादंबरी लिहिली. मृत्यूनंतरच्या आफ्रिकेत ओकिग्बोवर खटला चालतो. कलेची वैश्विक निष्ठा सोडून आपल्या समाजासाठी प्राण देण्याचा अधिकार कवीला होता का, असा त्या खटल्यातला प्रश्न आहे. हाच प्रश्न उलटा करून ओकिग्बोच्या शेजारगावच्या आणि त्याच्याच विषयाच्या पदवीधराला विचारता येईल. समाजासाठी न लढता एका वैश्विक म्हणवणाऱ्या संस्थेत बसून राहण्याचा अधिकार त्याला होता का? मझरुईंच्या न्यायालयात हा दुसरा खटला उभा राहिला नाही. तो सोपा नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. ओकिग्बोच्या निवडीला कवितेचे आणि हौतात्म्याचे तेज आहे. कचेरीत राहण्याच्या निवडीला कसलेच तेज नसते. तिचे मोल ठरते ते पुढे त्या कचेरीतून काय निघाले यावरून.

पुढची वर्षे पायऱ्या चढण्याची. १९६७ च्या जिब्राल्टर सार्वमताच्या निरीक्षक पथकात ते होते; १९७० साली कॅरिबियनमधील अँग्विला बेटाच्या आयोगाचे ते सचिव होते. १९७१ साली विभागाचे संचालक, १९७५ साली सहायक सरचिटणीस, आणि नंतर गयानाचे श्रीदाथ रामफळ सरचिटणीस असताना उपसरचिटणीस. १९८३ च्या अखेरीस मात्र एक विलक्षण वळण आले. राष्ट्राध्यक्ष शेहू शगारी यांनी त्यांना नायजेरियाचे परराष्ट्रमंत्री नेमले. (त्याच नोव्हेंबरात राष्ट्रकुलाचे सरकारप्रमुख दिल्लीत जमले होते आणि त्यांची अनौपचारिक बैठक गोव्यात झाली होती.) ३१ डिसेंबर १९८३ ला लष्कराने शगारींचे सरकार उलथवले आणि हे मंत्रिपद काही आठवड्यांतच संपले. नव्या लष्करी सरकारच्या पाठिंब्याने आणि सदस्य देशांच्या संमतीने अन्याओकू आपल्या जुन्या पदावर लंडनला परतले. स्वदेशसेवा आणि आंतरराष्ट्रीय सेवा यांमधील भिंत आपण कल्पितो तितकी जाड नसते, हे या प्रसंगातून कळते. शपथ कोणत्याही सरकारकडून सूचना न घेण्याची. पण खुर्ची मात्र सरकारांच्या मर्जीवाचून मिळत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न हा या काळातील राष्ट्रकुलाचा खरा कस होता. १९६१ साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका राष्ट्रकुलातून बाहेर पडली होती. १९८५ च्या नासाऊ परिषदेने एक मान्यवर गट नेमला. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान माल्कम फ्रेझर आणि नायजेरियाचे माजी लष्करशहा ओलुसेगुन ओबासांजो हे त्याचे सहअध्यक्ष होते, तर भारताचे सरदार स्वर्णसिंग एक सदस्य. गटाने पोल्समूर तुरुंगात नेल्सन मंडेलांची भेट घेतली. वाटाघाटी चालू असतानाच, १९ मे १९८६ रोजी, दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने झांबिया, झिंबाब्वे आणि बोट्स्वाना या तीन राष्ट्रकुल देशांच्या राजधान्यांवर हल्ले केले आणि गटाचे काम तेथेच थांबले. त्याच्या अहवालाने मात्र आर्थिक निर्बंधांच्या मागणीला वजन आले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एखाद्या देशाने आपल्याच नागरिकांना कसे वागवावे हा त्याचा खाजगी प्रश्न नाही, हे तत्त्व राष्ट्रकुलाने दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत स्वीकारले होते. ते स्वतःच्या सदस्यांना लावायचे की नाही, एवढेच उरले होते.

ऑक्टोबर १९८९ मध्ये क्वालालंपूर येथे सरचिटणीसपदाची निवड झाली. अन्याओकू यांच्यासमोर होते तेच माल्कम फ्रेझर. माजी पंतप्रधानाला मागे टाकून सचिवालयात घडलेला अधिकारी निवडून आला. या पदावर येणारा तो पहिला आफ्रिकी. १ जुलै १९९० रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, हरारे जाहीरनामा आला. लोकशाही, कायद्याचे राज्य, न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य, मूलभूत मानवी हक्क आणि प्रामाणिक शासन ही राष्ट्रकुलाची मूल्ये आहेत, असे सदस्य देशांनी त्यात लिहून दिले. १९७१ च्या सिंगापूर जाहीरनाम्यात या मूल्यांची बीजे होती. हरारेने त्यांना सदस्यत्वाच्या कसोटीचे रूप देण्याची वाट मोकळी केली. झांबिया, केनिया, मलावी येथील बहुपक्षीय निवडणुकांना राष्ट्रकुलाची निरीक्षक पथके गेली. दक्षिण आफ्रिकेतील संक्रमणकाळातील हिंसाचार आटोक्यात यावा म्हणून १९९२ पासून राष्ट्रकुलाचे निरीक्षक तेथे ठाण मांडून होते. १ जून १९९४ रोजी तो देश राष्ट्रकुलात परतला.

हरारेच्या जाहीरनाम्यावर नायजेरियाचीही संमती होती. आणि नायजेरियात तेव्हा लष्करी राजवट होती. याच राजवटीच्या काळात अन्याओकू यांची निवड झाली होती. जून १९९३ मधील अध्यक्षपदाची निवडणूक लष्कराने रद्द केली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लिमासोल येथे अन्याओकू यांची दुसऱ्या मुदतीसाठी निवड झाली, आणि नोव्हेंबरमध्ये जनरल सानी अबाचा यांनी सत्ता बळकावली.

सारो-विवा आता ओगोनींच्या भूमीत तेलकंपन्यांनी केलेल्या नासाडीविरुद्धच्या चळवळीचे पुढारी होते. १९९४ साली चार ओगोनी पुढाऱ्यांचा खून झाला आणि त्याचा आरोप ठेवून सारो-विवा व त्यांच्या सहकाऱ्यांना विशेष न्यायाधिकरणापुढे उभे करण्यात आले. ज्या संघराज्याच्या एकतेसाठी ते १९६७ साली उभे राहिले होते, त्याच संघराज्याने १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्यांना आठ सहकाऱ्यांसह पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात फाशी दिले. त्याच दिवशी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंड येथे, राष्ट्रकुलाच्या सरकारप्रमुखांची परिषद सुरू होत होती. अबाचांशी सबुरीने बोलावे असे तोवर म्हणणारे मंडेला संतापले. दुसऱ्याच दिवशी नायजेरियाचे सदस्यत्व स्थगित झाले. त्यानंतर मिलब्रुक कृतिकार्यक्रम संमत झाला: हरारेची मूल्ये पायदळी तुडवणाऱ्या सरकारांची चौकशी करण्यासाठी आठ परराष्ट्रमंत्र्यांचा कायम गट नेमण्यात आला. नायजेरिया, सिएरा लिओन आणि गांबिया या तीन लष्करी राजवटी त्याच्यापुढचे पहिले विषय होते.

ठराव सरकारप्रमुखांचा होता, सरचिटणीसाचा नव्हे. पण ज्या जाहीरनाम्याच्या आधारे तो झाला, तो त्यांच्याच कारकिर्दीत घडला होता आणि तो अमलात आणण्याची जबाबदारी त्यांच्यावरच पडली. आपल्या मायदेशाच्या बहिष्काराची कागदपत्रे हाताळण्याची वेळ फार थोड्या अधिकाऱ्यांवर येते.

मराठी वाचकाला येथे भीष्म आठवल्यावाचून राहणार नाही. सिंहासनाशी बांधील राहण्याच्या प्रतिज्ञेने भर सभेत भीष्मांचे तोंड बांधले गेले. बियाफ्राच्या काळातील राष्ट्रकुल सचिवालयाची शपथ या जातीची होती. तिच्यात निष्ठा होती, पण न्यायाला जागा नव्हती. सरकारांमध्ये तटस्थ राहायचे म्हणजे ती सरकारे आपल्या प्रजेचे काय करतात याबद्दल मौन बाळगायचे, असा तिचा अर्थ होता. १९९५ साली शपथ तीच होती; परंतु तिच्यात आता आशय आला होता. अधिकाऱ्याने सरकारांमध्ये तटस्थ राहावे. संस्थेने लिहून घेतलेल्या मूल्यांबाबत तटस्थ राहू नये. आमच्या मते या अठ्ठावीस वर्षांत घडलेला खरा बदल हा आहे. तो एका माणसाने घडवला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. वर्णद्वेषाविरुद्धचा लढा, शीतयुद्धाचा शेवट आणि आफ्रिकेतील लोकशाहीच्या चळवळी त्यामागे होत्या. तथापि बदलाची किंमत मोजायची वेळ आली तेव्हा ती पहिल्यांदा स्वदेशाच्या खात्यावर पडली, आणि सरचिटणीसांनी ती टाळली नाही, याचे मोल कमी नव्हे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. फाशी झाल्यावर झालेला ठराव फासावरच्या माणसाच्या उपयोगाचा नव्हता. राष्ट्रकुलाने नायजेरियाला पूर्णपणे काढून टाकले नाही. ज्या तेलावर अबाचांची राजवट उभी होती, त्या तेलाच्या खरेदीवर बंदीही आली नाही. जून १९९८ मध्ये ती राजवट संपली ती अबाचांच्या मृत्यूने, कोणत्याही ठरावाने नव्हे. इतके असूनही नियम लागू झाला, आणि तो लागू होऊ शकतो हे सिद्ध झाले. ऑक्टोबर १९९९ मध्ये पाकिस्तानात जनरल मुशर्रफ यांनी सत्ता घेतली, तेव्हा काही दिवसांतच त्या देशाला राष्ट्रकुलाच्या सभांमधून स्थगित करण्यात आले. आपल्या उपखंडाने या यंत्रणेचा पहिला अनुभव घेतला तो असा.

२९ मे १९९९ रोजी नायजेरियात मुलकी सरकार आले आणि त्याच दिवशी स्थगिती उठली. नवे राष्ट्राध्यक्ष होते ओबासांजो: १९७० साली बियाफ्राची शरणागती स्वीकारणारे सेनानी, १९८६ साली मंडेलांना तुरुंगात भेटलेले सहअध्यक्ष, आणि १९९५ पासून अबाचांच्या मृत्यूपर्यंत कैदी. नोव्हेंबर १९९९ मध्ये अन्याओकू यांच्या कारकिर्दीतील शेवटची परिषद डर्बनला भरली. दक्षिण आफ्रिका यजमान होती आणि नायजेरिया आपल्या जागेवर परतला होता. ३१ मार्च २००० रोजी त्यांनी पद सोडले.

साहित्याच्या अध्यापकांनी या चरित्राकडे पाहण्याचे एक खास कारण आम्हांला दिसते. 'सोझाबॉय' आपण वाचतो, कारण तिच्यावर लेखकाचे नाव आहे. हरारेचा जाहीरनामा आपण वाचत नाही. तो निनावी आहे, त्याची भाषा घोटीव आहे आणि त्यातील प्रत्येक विशेषण अनेक सरकारांच्या सौद्यातून आलेले आहे. पण 'मानवी हक्क' हे शब्द त्या मसुद्यात पडले नसते, तर ऑकलंडमध्ये सारो-विवांच्या मरणाला परिषदेच्या दप्तरात जागाच मिळाली नसती. तो एका देशाचा अंतर्गत व्यवहार ठरला असता, जसा बियाफ्रा ठरला होता. ज्यांना शब्दांचे मोल ठाऊक आहे, त्यांनी असे मसुदे वाचायला आणि वर्गात वाचून दाखवायला हरकत नाही.